चाळीस ओंडके

साहेबांनी फॉर्म दिला. रकाने सहा.
झाडाची जात. जमिनीपासून उंची.
वस्तूचं वर्णन. अवस्था. केलेली कारवाई.
शेवटचा रकाना मालकाचा,
त्यात आधीच छापलेलं: बेवारस.

माऊच्या जंगलात सकाळी सातला
धुकं खांद्यापर्यंत असतं.
मी गणवेशात, बूट सरकारी.
झाडावर चढताना बूट काढावे लागतात,
हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

पहिला ओंडका ताराक्वेतवर, सत्तावीस फूट.
(फॉर्मवर झाडाचं नाव लॅटिनमध्ये हवं,
ते मी तळहातावरून उतरवलं.)
आतून कोरलेला, झाकण सैल, कोळ्याचं जाळं.
वर्णन: बेकायदा लाकडी वस्तू.
कारवाई: नष्ट.
दुसरा तसाच. तिसऱ्यात उंदराचं बाळंतपण.
अकराव्यात जुनं मेण, काळं, बोटाला वास राहिला.
नष्ट. नष्ट. नष्ट.

मार्चमध्ये याच उतारावर आम्ही पंचवीस जण आलो होतो,
जंगल वाचवायला,
काडेपेट्या घेऊन.
बारा घरं. चहाच्या आत उरकलं.
म्हातारी ताप्रांडिच आतून एकच गोष्ट घेऊन निघाली,
मधाची कातडी पिशवी, रिकामी.
माझ्याकडे बघून म्हणाली,
"सिरोंगाचा ना तू?
उंच झालास."
शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

आता कुंपण आहे. फलकावर माकडाचं चित्र.
ही झाडं जो धूर गिळतात
त्याचे पैसे कुठल्याशा विमान कंपनीने भरलेत म्हणे.
मध काढताना ओल्या शेवाळाचा मूठभर धूर लागतो,
त्याला दंड आहे.
रात्री लॉऱ्या येतात दिवे विझवून,
त्यांच्यासाठी फॉर्म अजून छापून आलेला नाही.

आणि माणसं गेली की मधमाशा का जातात,
याचा अहवाल कुणी मागवत नाही.
बाप सांगायचा, ओंडका नुसता टांगून भागत नाही,
मुंग्या झाडायच्या, साल बदलायची,
खाली उभं राहून चार शब्द बोलायचे.
काय बोलायचं?
घरी काय बोलतोस, तेच.

एक्केचाळिसावा दरीच्या पलीकडे, सिलिब्वेतवर.
पांढरी फुलं लागलेली.
आधी गुणगुण ऐकू आली, मग झाड दिसलं.
टेप खालीच विसरलो, उंची माहीत नाही.
झाकण घट्ट. भोवती गुंडाळलेली साल ताजी,
कडेचा चीक अजून वाळलेला नव्हता.
झाकणावर खूण: तीन आडव्या रेघा, एक उभी.
शाळेत जायच्या आधी
मी एवढंच वाचायला शिकलो होतो.
इथून ओढ्यापर्यंत,
ओढ्यापासून त्या दुभंगलेल्या खडकापर्यंत,
असं सगळं त्या चार रेघांत असतं,
आणि माझ्या बापाचं नावही.

फांदीला धरून किती वेळ होतो कोण जाणे.
एकीने कानामागे डंख मारला.

उतरलो तर बांबूच्या बाजूने चिखलात पावलं.
एका पोराची, अनवाणी, धावरी.
शेजारी दुसरी, ओढत टाकलेली,
आणि प्रत्येक पावलाजवळ काठीचं एक भोक.
कुंपणापासून झाडापर्यंत. झाडापासून कुंपणापर्यंत.

मी बूट घातले, नाड्या बांधल्या,
आणि त्या पावलांवरून चाललो.
जाताना एकदा, येताना एकदा,
मग पुन्हा, टाच रोवून,
सगळीकडे फक्त सरकारी नक्षी उमटेपर्यंत.

"एकूण?" साहेबांनी विचारलं.
चाळीस.
त्यांनी सही केली, शिक्का मारला, मान वर केली.
"कान सुजलाय तुझा."
काटा लागला, म्हटलं.